शेळीचं इंजेक्शन पावसाच्या आधी, आणि कुत्र्याचंही

ऐकणाऱ्यांना कळलंच असेल, वाचणाऱ्यांसाठी सांगतो. मे महिना आहे, ऊन मी म्हणतंय, पंखा बंद करून रेकॉर्डिंग केलंय. मागे मधेमधे जो आवाज येतो तो आमच्या शेळीचा. तो मुद्दाम कापला नाही, कारण आजचा भाग तिच्यावरच आहे.

पाळीव प्राण्यांची काळजी म्हटलं की शहरातल्या पॉडकास्टवर लॅब्रॅडॉर आणि पर्शियन मांजर येतं. आपल्या धाराशिव जिल्ह्यात, भूम-परंड्यापासून उमरगा-लोहाऱ्यापर्यंत, घरचा प्राणी म्हणजे दारातल्या दोन-चार शेळ्या आणि त्यांच्या राखणीचं एक कुत्रं. लेकरं करडाला कडेवर घेऊन फिरतात, नाव ठेवतात. आणि फी भरायची वेळ आली की त्याच करडाचा बोकड बाजारात जातो. त्यामुळं ते मेलं की घरात दोन्ही गोष्टींचं दुःख होतं. उघडपणे बोललं जातं ते फक्त पैशाचं.

आपली शेळी उस्मानाबादी. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये बदललं, शेळीचं तेच राहिलं. तिचा मूळ पट्टा तुळजापूर, लातूर, उदगीर. लातूर १९८२ पर्यंत याच जिल्ह्यात होतं. बहुतेक काळी, लोंबते कान, जुळी देण्यात पटाईत, आणि दुष्काळात बाभळीच्या शेंगांवर दिवस काढणारी. अशी काटक, म्हणूनच आपण बिनधास्त राहतो. "आपल्या शेळीला काय होतंय?" हे वाक्य मी घरात लहानपणापासून ऐकलंय. काटकपणा उन्हाला आणि उपासाला चालतो. रोगाच्या विषाणूला चालत नाही.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. पहिला पाऊस होऊन आठ-दहा दिवस झालेले, बांधावर हिरवंगार कोवळं गवत. आमच्या तीन करडांतलं सगळ्यात गुबगुबीत करडू संध्याकाळी उड्या मारत होतं, सकाळी वाड्यात पाय ताठ करून पडलेलं. कुणी म्हणालं पान लागलं, म्हणजे साप चावला. कुणी म्हणालं दृष्ट लागली, कारण सगळ्यात देखणं तेच होतं. दुसऱ्या दिवशी दुसरं गेलं. तेही दांडगंच. किडकिडीत होतं ते तिसरं वाचलं.

डॉक्टरांनी वर्णन ऐकूनच आंत्रविषार म्हणून सांगितलं. गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, हा रोग निवडून चांगलं खाल्लेल्यालाच गाठतो. त्याचे जिवाणू निरोगी शेळीच्या आतड्यात थोड्या संख्येनं आधीच असतात. उन्हाळाभर वाळलेल्या कडब्यावर राहिलेल्या जनावराला एकदम कोवळं गवत मिळालं, किंवा कुणी लाडानं पसाभर जास्त धान्य घातलं, की न पचलेला पिठूळ भाग आतड्यात उतरतो. तो त्या जिवाणूंना मेजवानी. ते झपाट्यानं वाढतात आणि विष सोडतात. ते विष रक्तात जाऊन मेंदूपर्यंत पोहोचतं. काही तासांत खेळ संपतो. डॉक्टरला फोन लावून तो येईपर्यंत उपचाराला काही उरलेलंच नसतं.

म्हणजे या रोगावर खरा उपाय एकच, लस. आणि ती कधी टोचायची हे महत्त्वाचं. पहिल्यांदा टोचताना दोन डोस लागतात, साधारण पंधरा दिवसांच्या अंतरानं. दुसऱ्या डोसनंतर अंगात ताकद यायला आणखी आठ-पंधरा दिवस. आपल्याकडं पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो असं धरलं, तर पहिलं इंजेक्शन मेच्या सुरुवातीलाच पडलं पाहिजे. पुढं दरवर्षी पावसाआधी एक. गाभण शेळीला विण्याच्या महिनाभर आधी टोचलं तर चिकातून करडालाही पहिले काही आठवडे संरक्षण मिळतं. शिवाय पाऊस पडल्यावर थोडा वाळला चारा खायला घालूनच चरायला सोडायचं, पोट रिकामं ठेवून नाही. ह्याला तर एक रुपयाही लागत नाही.

दुसरा मोठा रोग पीपीआर. ताप, नाका-डोळ्यांतून घाण, तोंडात फोड, मग संडास आणि धाप. हा विषाणू गाईगुरांच्या बुळकांडीचा सख्खा भाऊबंद. बुळकांडी लसीच्या जोरावर २०११ मध्ये जगातूनच संपली. आजोबांच्या पिढीला हा शब्द ऐकला की घाम फुटायचा, आज तरुणांना तो माहीतही नाही. पीपीआर भारतात पहिल्यांदा १९८७ मध्ये तामिळनाडूत सापडला. त्याची भारतीय लस उत्तम आहे, एकदा टोचली की निदान तीन वर्षं चालते.

आणि इथंच आपला हिशेब चुकतो. लोक सांगतात, "आमच्या शेळ्यांना दोन वर्षांपूर्वी टोचलंय." बरोबर आहे. पण टोचलेल्यातले बोकड बकरी ईदला गेले, दोन शेळ्या लग्नासाठी विकल्या. आज दावणीला आहेत ती नंतर जन्मलेली पिल्लं. शेळी दीड वर्षात दोनदा विते, तीही जुळी. कळप भराभर बदलतो. लस कळपाला नसते मंडळी, एकेका जनावराला असते. चार महिन्यांचं झालेलं प्रत्येक करडू, आणि बाजारातून आणलेली प्रत्येक शेळी, टोचायची राहिलेलीच समजायची. बाजारातून आणलेली तर तीन आठवडे वेगळी बांधायची. रोग गावात बहुतेकदा पिशवी घेऊन येत नाही, दोरी धरून चालत येतो.

लसीच्या बाटलीबद्दल एक सांगतो. ती बर्फात राहायला हवी. मेच्या उन्हात मोटारसायकलच्या डिकीतून आणलेल्या बाटलीत लस नसते, पाणी असतं. टोचायला येणाऱ्याला बर्फाचा डबा दाखवा म्हणायला लाजू नका. आजारी शेळीला टोचायचं नाही, तेही त्यांना आधी सांगायचं. सरकारी दवाखान्यात चौकशी करा, किंवा १९६२ या टोल फ्री नंबरवर. फिरत्या दवाखान्याची गाडी त्याच नंबरवर मिळते.

लाळ्या-खुरकूत, घटसर्प यांचं वेळापत्रक डॉक्टर लिहून देतील, त्यात वेळ घालवत नाही. जंतांबद्दल मात्र घरच्या घरी करायची एक तपासणी शिकून घ्या. शेळीची खालची पापणी अंगठ्यानं हळूच खाली ओढा. आतली कातडी लालसर-गुलाबी असेल तर ठीक. पांढुरकी दिसली तर पोटातले जंत रक्त पितायत. जबड्याखाली पाणी भरून सूज आली तर फारच उशीर होत चाललाय. औषध वजनावर द्यायचं, डोळ्याच्या अंदाजानं नाही. कमी औषध दिलं की कमजोर जंत मरतात, दांडगे उरतात, आणि पुढच्या वर्षी तेच औषध चालत नाही. गाभण शेळीला कोणतं जंतनाशक चालतं ते मात्र विचारूनच.

आता कुत्रं. त्याला आपण शेळ्यांचा राखणदार म्हणतो, पण शिळ्या भाकरीपलीकडं त्याच्यावर खर्च करत नाही. कंदुरीच्या, जावळाच्या दिवशी काय होतं आठवा. बोकड कापला, काळजावर किंवा मेंदूत पाण्यानं भरलेली पांढरी गाठ दिसली, तर ती कापून कुत्र्याला टाकतात. त्या गाठीत पट्टकृमीची पिल्लं असतात. ती कुत्र्याच्या आतड्यात वाढतात, अंडी विष्ठेतून बांधावरच्या गवतावर पडतात, शेळी ते गवत खाते. मग एखाद्या शेळीच्या मेंदूत गाठ होते आणि ती एकाच बाजूला मान करून गोल गोल फिरत राहते. "हिला वारं लागलं" म्हणतो आपण. दुसऱ्या एका जातीच्या कृमीची गाठ माणसाच्या काळजात आणि फुप्फुसात होते, तीही कुत्र्याला हात लावून तसाच तोंडात घालणाऱ्या पोराला. म्हणून ती गाठ खोल पुरायची किंवा जाळायची, आणि कुत्र्याला साधारण तीन महिन्यांनी पट्टकृमीवर चालणारं औषध द्यायचं. एवढ्यानं शेळी, कुत्रं आणि लेकरू तिघांचं काम होतं.

आणि रेबीज. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली लस, महिन्याभरानं दुसरी, मग दरवर्षी. मांजरालाही. लक्षणं दिसल्यावर हा रोग जवळपास कुणालाच सोडत नाही, जनावर असो की माणूस. पिसाळलेलं कुत्रं शेळीला चावलं आणि काही आठवड्यांनी शेळी सारखी ओरडायला लागली, लाळ गाळायला लागली, तर आपला माणूस पहिल्यांदा काय करतो? घशात काटा अडकला म्हणून तिच्या तोंडात हात घालतो. हे करू नका. लाळ गाळणाऱ्या जनावराच्या तोंडात हात घालायचा नाही, डॉक्टरांना बोलवायचं. आणि कुणालाही चावा बसला, तर जखम वाहत्या पाण्यात साबणानं पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. मग हळद-चुना न लावता थेट दवाखाना.

आमच्या घरी आता दाराच्या मागच्या कॅलेंडरवर मेच्या पहिल्या रविवारी आईनं लाल पेननं "शेळ्या" लिहिलंय, आणि खाली बारीक अक्षरात "काळ्या पण". काळ्या म्हणजे कुत्रं. मागच्या वर्षी तो इंजेक्शन बघून ज्वारीच्या शेतात पळाला होता, म्हणून या वेळी त्याला आदल्या रात्रीच बांधायचं ठरलंय.