उंदीरमामा, हे खाऊ का?

सुरुवातीलाच सांगून टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ हा माझा शत्रू क्रमांक एक. चुका सापडल्या तर संपादकांना धरा, मला नको!

विषय निघाला तो मेसमुळे. मागच्या सेममध्ये एका रात्री जेवणात काकडीची कोशिंबीर होती. माझ्या रूममेटने दोन-तीन घास खाल्ले आणि पाच मिनिटांत तिचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायला लागला. तिला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी. ती उत्तरेकडची, त्यामुळे आपण मराठी माणसं कोशिंबिरीतसुद्धा दाण्याचं कूट घालतो हे तिच्या गावीही नव्हतं. मला मात्र दोन्ही गोष्टी माहीत होत्या. मी समोर बसून तीच कोशिंबीर खात होते, आणि माझ्या डोक्यात आलंच नाही!

वॉर्डन मॅडमनी गाडी काढली, डॉक्टरांनी मांडीत अ‍ॅड्रिनॅलिनचं इंजेक्शन दिलं, आणि दुसऱ्या दिवशी ती परत आली. आल्यावर कॉटवर पडल्या पडल्या तिने मला विचारलं, "तू बायोटेकवाली ना? दाणे तर सगळं जग कधीपासून खातंय. पण तुम्ही लोक पिकात नवीन प्रोटीन घालता, तेव्हा ते कोणाला बाधेल हे आधी कसं कळतं? की डायरेक्ट आमच्यावरच ट्रायल?"

उत्तर येईना. मग काय, लायब्ररी!

आधी थोडी थिअरी. अ‍ॅलर्जी म्हणजे शरीराच्या सिक्युरिटी गार्डचा गैरसमज. पहिल्यांदा एखादं प्रोटीन पोटात जातं तेव्हा बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. पण काही जणांच्या शरीरात त्या प्रोटीनविरुद्ध आयजीई नावाच्या अँटिबॉडीज तयार होतात आणि मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पुढच्या वेळी तेच प्रोटीन आलं की त्या पेशी हिस्टामिन आणि इतर रसायनं सोडतात. मग सूज, गांधी, दम, आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर जिवावर बेततं. म्हणजे हे दोन पायऱ्यांचं काम आहे. आधी शरीर 'ओळख' करून घेतं, मग हल्ला चढवतं.

आता समजा नवीन पिकातलं प्रोटीन तपासायचंय. ते जर आधीच अ‍ॅलर्जीसाठी बदनाम असलेल्या पदार्थातून घेतलं असेल, तर काम सोपं. सोयाबीनमध्ये मेथिओनिन हे अमिनो आम्ल कमी असतं. ते वाढावं म्हणून अमेरिकेतल्या एका बियाणे कंपनीने ब्राझील नट या सुक्या मेव्यातल्या प्रोटीनचा जीन सोयाबीनमध्ये घातला. ब्राझील नटची अ‍ॅलर्जी असलेल्या 9 जणांचं सीरम घेऊन पाहिलं, तर 8 जणांच्या अँटिबॉडीज त्या प्रोटीनला चिकटल्या. 1996 मध्ये हे प्रसिद्ध झालं. ते सोयाबीन बाजारात आलंच नाही. टेस्टने आपलं काम चोख केलं.

पण जे प्रोटीन माणसाने कधी खाल्लंच नाही, त्याची अ‍ॅलर्जी असलेला माणूस कुठून आणणार? इथे एंट्री होते उंदीरमामांची.

कल्पना साधी आहे. उंदराला ते प्रोटीन काही आठवडे द्यायचं, रक्तात आयजीई तयार होते का ते मोजायचं. मग एकदा मोठा डोस देऊन बघायचं. उंदीर अंग खाजवतो का, मलूल पडतो का, त्याच्या शरीराचं तापमान उतरतं का. (आपल्याला ताप चढतो, अ‍ॅलर्जीच्या झटक्यात उंदराचं तापमान उतरतं!) जाती ठरलेल्या असतात. पांढऱ्या उंदरांत बाल्ब-सी, मोठ्या उंदरांत ब्राऊन नॉर्वे. जालन्याच्या महिको कंपनीच्या बीटी वांग्याचीही अ‍ॅलर्जीसाठी ब्राऊन नॉर्वेवर चाचणी झाली होती. फेब्रुवारी 2010 मध्ये सरकारने त्या वांग्याला स्थगिती दिली, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

साधी वाटते, पण गोम इथेच आहे. तोंडावाटे गेलेलं प्रोटीन शरीर सहसा सहन करायला शिकतं, उंदराचंही. म्हणून बऱ्याच प्रयोगांत प्रोटीनबरोबर कॉलऱ्याच्या जंतूचं विष थोडंसं देतात, किंवा प्रोटीन पोटात टोचतात, म्हणजे गार्ड मुद्दाम चिडेल. पण चिडवलेला गार्ड कोणावरही भुंकतो. मग तो खऱ्या चोरावर भुंकला की पोस्टमनवर, हे कसं कळणार?

याचं उत्तम उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या वाटाण्याचं. तिथे वाटाण्याला भुंगेरा लागतो आणि त्याच्या अळ्या दाणा आतून पोखरतात. राजम्यात एक प्रोटीन असतं, ते अळीचं स्टार्च पचवणारं एन्झाइम बंद पाडतं. ताट भरलेलं, पण पचत नाही, अळी उपाशी! सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने त्या प्रोटीनचा जीन वाटाण्यात घातला. वाटाणा मस्त टिकला. सुमारे 10 वर्षांचं काम. मग उंदरांना तो खाऊ घातला आणि नंतर तेच प्रोटीन पुन्हा दिलं, तर त्वचेला सूज, फुप्फुसात दाह. राजमा किंवा साधा वाटाणा खाल्लेले उंदीर मात्र ठणठणीत. वाटाण्यात तयार होताना प्रोटीनवर चिकटणाऱ्या साखरेच्या साखळ्या थोड्या वेगळ्या निघाल्या होत्या, त्यामुळे हे झालं असावं असं मानलं गेलं. 2005 मध्ये हा पेपर आला आणि प्रकल्प गुंडाळला.

इथपर्यंत वाचून मी रूममेटला ऐटीत सांगितलं, "बघ, उंदराने वाचवलं!" पण गोष्ट संपली नव्हती. 2013 मध्ये व्हिएन्नाच्या शास्त्रज्ञांनी हाच प्रश्न पुन्हा उंदरांनाच विचारला. या वेळी राजम्यालाही उंदीर रिअ‍ॅक्ट झाले, आणि जीन न घातलेला साधा वाटाणा खाल्लेल्यांतही प्रतिसाद दिसला. म्हणजे नवा वाटाणा उंदरांसाठी साध्या वाटाण्यापेक्षा किंवा राजम्यापेक्षा जास्त धोकादायक ठरला नाही. आणि राजमा-चावल तर अर्धा देश चाटूनपुसून खातो!

आता आपण इंजिनिअर आहोत, तेव्हा आपल्या भाषेत बोलू. फर्स्ट इयरला व्हर्निअर हातात घेतला की सर आधी काय विचारायचे? "झीरो एरर काढली का?" उंदीर हेसुद्धा एक मोजायचं उपकरण आहे. आधी त्याला दाणे द्या, अंडं द्या, आणि ज्याची अ‍ॅलर्जी सहसा कोणाला होत नाही असंही काही द्या. माणसाच्या अनुभवात जो क्रम आहे तोच क्रम उंदराने दिला, आणि दुसऱ्या लॅबमध्येही तोच दिला, तर त्याचं नव्या प्रोटीनबद्दलचं रीडिंग ऐकायचं. तोवर एकट्या उंदराच्या साक्षीवर कोणाला फाशी नको आणि कोणाला निर्दोष सोडायलाही नको.

म्हणूनच 2003 च्या कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत एकाच टेस्टवर भिस्त नाही. प्रोटीन कुठून आलं, त्याची रचना ओळखीच्या अ‍ॅलर्जनशी जुळते का (80 अमिनो आम्लांच्या तुकड्यात 35 टक्क्यांहून जास्त जुळलं की धोक्याची घंटा), जठरातल्या पेप्सिनमध्ये ते किती टिकतं, गरज असेल तर माणसाचं सीरम, असे सगळे पुरावे एकत्र तोलायचे. प्राण्यांवरची चाचणी तिथे सक्तीची नाही. आणि मला वाटतं, ज्या चाचणीचं उत्तर वाचता येत नाही तिच्यासाठी मुक्या जिवाला त्रास देणंही बरोबर नाही.

हे सगळं रूममेटला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे शंभर टक्के गॅरंटी कोणीच देत नाही." नाही देत. नव्या प्रोटीनची तर नाहीच. पण दाण्यांची देता येते! त्यांच्यासाठी उंदीरही लागत नाही, लागतो फक्त खडू. पाकिटावर अ‍ॅलर्जीचे पदार्थ छापणं कायद्याने सक्तीचं आहे, पण कोशिंबिरीच्या वाटीवर कोण छापणार? म्हणून वॉर्डन मॅडमना विचारून आम्ही मेसच्या फळ्यावर मेनूशेजारी एक ओळ वाढवली: 'आज कूट कशात आहे.' मेसचे काका ती रोज न चुकता लिहितात. परवा तर त्यांनी साबुदाण्याच्या खिचडीपुढे तीन उद्गारचिन्हं काढली होती.

तुमच्यापैकी कोणाला कशाची अ‍ॅलर्जी असेल तर लाजू नका, काकांना सांगा. आणि बाकीच्यांनो, "एवढंसं खाल्लं तर काय होतंय" असं कोणालाही म्हणू नका. काय होतं ते मी पाहिलंय.