थंड इंजिनाची थरथर

पेट्रोल गाडी सकाळी सुरू केली की स्टिअरिंग थरथरते, आरपीएमचा काटा खाली-वर नाचतो, इंजिन मधूनच मिसिंग मारते आणि चार-पाच मिनिटांत सगळे आपोआप सुरळीत होते. ही हिवाळ्यातली ठरलेली तक्रार. छत्रपती संभाजीनगरचे किमान तापमान डिसेंबर-जानेवारीत १० अंशांखाली उतरते आणि रात्रभर उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीचे इंजिनही पहाटेपर्यंत तेवढेच गारठते.

पेट्रोल द्रवरूपात नीट जळत नाही, जळते ती त्याची वाफ. थंडीत त्यातल्या हलक्या घटकांचीच काय ती वाफ होते. उरलेले थेंब इनटेकच्या थंड भिंतींना आणि व्हॉल्व्हच्या पाठीला चिकटून बसतात. ही तूट भरून काढण्यासाठी सुरुवातीची काही मिनिटे जादा पेट्रोल द्यावे लागते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत त्यासाठी चोक ओढत, आता हे काम इसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, करतो. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्याची वाफ व्हायला तेवढ्याच वजनाच्या पेट्रोलच्या सुमारे अडीचपट उष्णता लागते. हे इंधन थंडीत जरा आळशीच.

थोडी थरथर मात्र दोष नव्हे. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून इसीयू सुरुवातीला ठिणगी मुद्दाम उशिरा टाकतो आणि आरपीएम १२०० ते १५०० वर ठेवतो. मिनिटभराच्या किंचित खरखरीत आवाजासाठी गॅरेज गाठण्याचे कारण नाही.

खरा घोळ पुढे आहे. मिश्रणात हवा जास्त की पेट्रोल, हे सांगणारा ऑक्सिजन सेन्सर सुमारे ३०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय भरवशाचे काम करत नाही. तोवर इसीयू स्मृतीतल्या तक्त्यावर विसंबून अंदाजाने पेट्रोल देतो. सेन्सर जागा झाला की इसीयू चूक दुरुस्त करू लागतो आणि दोष झाकला जातो. दुपारी गॅरेजमध्ये पोहोचलेली गाडी म्हणूनच शहाण्यासारखी चालते. मग आधी प्लग बदलले जातात, पुढच्या खेपेला कॉइल, आणि सकाळची थरथर तशीच. त्यापेक्षा गाडी रात्रभर गॅरेजमध्येच ठेवावी आणि सकाळी पहिला स्टार्ट मेकॅनिकने स्वतः मारावा.

स्टार्टर मारण्याआधीच इसीयूतले आकडे वाचणारा स्कॅनर लावला तर निम्मे काम होते. रात्रभर उभ्या गाडीत कूलंटचे तापमान आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान जवळपास सारखे दिसायला हवे. हवा १२ अंश आणि कूलंट ५५ अंश असे आकडे दिसले, तर कूलंट सेन्सर खोटे बोलतो आहे. इंजिन कोमट आहे असे समजून इसीयू जादा पेट्रोल देतच नाही. हा सेन्सर थंडीत जास्त आणि उष्णतेत कमी रोध दाखवतो: २० अंशांना साधारण अडीच हजार ओहम, ८० अंशांना तीनशेच्या आसपास. साध्या मल्टिमीटरनेही तो तपासता येतो. सेन्सर बदलण्याआधी त्याचे कनेक्टर गंजले आहे का, हे पाहावे.

त्याच वेळी इनटेकमधल्या दाबाचा आकडाही पाहावा. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर असल्याने इंजिन बंद असताना तो ९५ किलोपास्कलच्या जवळ दिसतो. मुंबईतला १०१ इथे अपेक्षित धरू नये.

आता इंजिन सुरू करावे. मिसिंग, म्हणजे मिसफायर, एकाच सिलिंडरमध्ये असेल तर स्कॅनर त्याचा क्रमांक सांगतो. कोड पी०३०२ म्हणजे दुसरा सिलिंडर. त्याची कॉइल तिसऱ्यावर बसवावी आणि इंजिन पुन्हा पूर्ण गार झाल्यावर तपासावे. कोड पी०३०३ झाला तर कॉइल दोषी. तो दुसऱ्यावरच राहिला तर प्लग, मग इंजेक्टर. थरथर सगळ्याच सिलिंडरांत असेल, तर थ्रॉटल बॉडीवरचा कार्बन किंवा कुठून तरी घुसणारी हवा हे पहिले संशयित. थंडीत कडक झालेला रबरी पाइप किंवा आक्रसलेले गॅस्केट फट सोडते आणि गरम झाल्यावर तीच फट मिटते. ती धूर सोडून गळती दाखवणाऱ्या यंत्राने, इंजिन गार असतानाच शोधावी. व्हॉल्व्हच्या पाठीवर साचलेला कार्बनही दगा देतो: तो स्पंजासारखा पेट्रोल शोषतो, त्यामुळे गार इंजिनाला पुरेसे मिळत नाही. रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत हा कार्बन जास्त साचतो.

सुरू होताना काळा धूर आणि पेट्रोलचा वास आला तर रात्री ठिबकणारा इंजेक्टर तपासावा. पांढरा धूर रेंगाळत असेल आणि कूलंटही कमी होत असेल तर हेड गॅस्केट. हे काम मोठे आणि खर्चिक. डिझेल गाडीत स्पार्क प्लगच नसतो, तिथे आधी हीटर प्लग पाहावेत. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी पुढे दामटू नये. न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये पेटून तो वितळू शकतो.

थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर बऱ्याच गाड्यांत स्कॅनरने आयडलिंगची नवी नोंद इसीयूला द्यावी लागते, नाहीतर आरपीएम चढाच राहतो. दुरुस्तीची परीक्षा त्याच दिवशी घेऊन भागत नाही. ती दुसऱ्या दिवशी सकाळी, गार इंजिनावरच होते.