निळ्याचा जांभळा होतो तेव्हा

एप्रिल उजाडला की बारामती-जळोची भागातल्या फ्लेक्सच्या दुकानांना निळ्याचे वेध लागतात. 14 एप्रिलला आंबेडकर जयंती. मंडळाची पोरं मोबाईलवर डिझाइन बघतात, पसंत करतात. मशीनमधून पहिला हातभर फ्लेक्स बाहेर आला की मात्र सगळे गप्प होतात. निळा जांभळ्याकडे झुकलेला असतो.

"दादा, मोबाईलवर तर बरोबर दिसत होता."

दिसत होता, हे खरंच. मोबाईलचा निळा हा प्रकाश असतो. पडदा लाल, हिरवा आणि निळा असे तीन प्रकाश मिसळून रंग घडवतो. तिन्ही पूर्ण लावले की पांढरा. शाईचं काम उलट चालतं. पांढऱ्या फ्लेक्सवर पडलेल्या उजेडातला काही भाग ती गिळते आणि उरलेला डोळ्यांपर्यंत परत येतो. सायन लाल गिळते, मॅजेंटा हिरवा, पिवळी निळा. म्हणून सायन आणि मॅजेंटा एकमेकींवर पडल्या की निळा उरायला हवा. पण कुठलीच शाई इतकी शुद्ध नसते. मॅजेंटा हिरव्याबरोबर थोडा निळाही गिळून टाकते, आणि जांभळी झाक येते.

कोरल ड्रॉच्या नेहमीच्या पॅलेटमधला 'ब्लू' म्हणजे सायन 100, मॅजेंटा 100. नवखा डिझायनर तोच उचलतो आणि तिथेच फसतो. मुरलेला ऑपरेटर आधी मॅजेंटा खाली ओढतो, 60 वर, कधी त्याहूनही खाली. सायन मॅजेंटापेक्षा निदान 30 टक्क्यांनी जास्त हवी, हा या कामातला जुना ठोकताळा. दुकानात त्याला रंगशास्त्र म्हणत नाहीत. "मॅजेंटा मार" एवढंच म्हणतात.

आषाढीच्या आधी, तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, इंदापूरच्या वाटेला लागते तेव्हा, स्वागताचे फलक भगवे असतात. भगवा त्या मानाने सोपा: पिवळी पूर्ण, मॅजेंटा निम्म्याच्या आसपास. तरी त्यात चुकून चार-पाच टक्के सायन शिरली की भगवा मळतो. वाढदिवसाच्या फलकावर वेगळीच कसोटी, चेहऱ्यांची. मॅजेंटा पिवळीच्या वर गेली की माणूस उन्हात करपल्यासारखा लाल दिसतो. काळाही नुसत्या काळ्या शाईने भरत नाही. मोठ्या पट्ट्यात तो राखाडी वाटतो, म्हणून खाली थोडी सायन द्यावी लागते.

हे कोडं इंकजेटच्या फार आधीचं आहे. राजा रविवर्मांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढे तो याच पुणे जिल्ह्यात, लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. तिथे चित्रातला एकेक रंग वेगळ्या दगडावर उतरवून कागदावर एकावर एक छापला जाई. तैलरंगातली कांती शिळेवरच्या शाईत उतरवणारे ते कारागीर आजच्या ऑपरेटरचे पूर्वज मानायला हवेत. त्यांची नावं चित्रांवर आली नाहीत, हे मनाला लागतं.

आता दगडाच्या जागी इंकजेट मशीनचं हेड आलं आहे. सकाळी आधी नोझल चेक. बारीक रेघांच्या जाळीत एखादी रेघ तुटलेली दिसली की हेड साफ करायचं, नाहीतर सलग निळ्यात आडवे पट्टे पडतात. रोल बदलला की तोच आकडा वेगळा रंग देतो. एका फ्लेक्सचा पांढरा निळसर, दुसऱ्याचा पिवळट.

म्हणून जयंतीच्या कामाआधी निळ्याचे सहा चौकोन छापायचे; सायन तीच ठेवून मॅजेंटा 80, 70, 60, 50, 40, 30. तो तुकडा ट्यूबलाइटखाली बघून भागत नाही, कारण फलक चौकात उन्हात लागणार असतो. ऑपरेटर तुकडा घेऊन रस्त्यावर येतो, पोरं भोवती गोळा होतात. कोणी घरून झेंडा आणलेला असतो. तो शेजारी धरतात, एक-एक चौकोन पडताळतात. मग पन्नासच्या चौकोनावर दोघांचं बोट एकदमच येतं. ऑपरेटर मार्करने त्यावर गोल करतो, खाली रोलचं नाव लिहितो आणि आत जाऊन तो तुकडा मशीनवरच्या खिळ्याला अडकवतो.