आधी वही, मग गोधडी

गोधडी शिवणाऱ्या जुन्या बायका चित्रवही बाळगत नसत. घरातली विरलेली लुगडी एकावर एक अंथरायची, वर त्यातल्या त्यात धड असलेलं एक टाकायचं आणि ठिगळं इकडून तिकडे सरकवत बसायचं. नजरेला पटलं की टाके सुरू. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात ‘जीज बेंड’ नावाची वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतकामाच्या फाटक्या कपड्यांतून केलेल्या गोधड्या 2002 साली ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत लागल्या. त्याही बहुतेक अशाच, मांडत-सरकवत जुळवलेल्या.

मग आज वही कशाला? कारण आपली परिस्थिती त्यांच्यासारखी नाही. कापड विकत आणलेलं असतं, कात्री चालली की परत जुळत नाही. जमिनीवर पसारा मांडायला खोली रिकामी नसते. आणि मुख्य म्हणजे वर्षाला दोन-तीन गोधड्या शिवून त्या हातांना जो अंदाज आलेला असे, तो आपल्याला नाही. तो वहीत कमवावा लागतो. मात्र सुंदर चित्रांनी भरलेली वही या कामाला फारशी उपयोगी नसते. डोळ्यांना दिसलेलं सुई-दोऱ्याला झेपेल असं करून घ्यायचं, एवढंच वहीचं काम. नाशिक आणि आसपासचा मुलूख त्यासाठी फार सोयीचा आहे.

भातखाचरांवरून शिवलेलं वस्त्र

निसर्ग पाहून ठिगळांची रचना ठरवल्याची एक जुनी गोष्ट बौद्धांच्या विनयपिटकात आहे. मगधातली भातशेती पाहून बुद्धांनी आपला शिष्य आनंद याला विचारलं की, या खाचरांसारखी, पट्ट्यांची आणि बांधांची चीवरं, म्हणजे भिक्षूंची वस्त्रं, तुला करता येतील का? आनंदाने तसे तुकडे जोडून दाखवले. तेव्हापासून भिक्षूंचं चीवर कापलेल्या तुकड्यांचं, शेताच्या आखणीचं होऊ लागलं.

या चीवराचा नाशिकशी थेट संबंध आहे. त्रिरश्मी डोंगरातल्या, म्हणजे आपल्या पांडवलेण्यांतल्या 10 क्रमांकाच्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने 3000 कार्षापणं, म्हणजे त्या काळची नाणी, नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेव म्हणून ठेवली होती. त्यांतली 2000 एका श्रेणीकडे दरमहा शेकडा 1 व्याजाने आणि 1000 दुसरीकडे शेकडा पाऊण दराने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात राहणाऱ्या 20 भिक्षूंना प्रत्येकी 12 कार्षापणं चीवरासाठी मिळायची. हिशेब चोख बसतो: महिन्याला 20, वर्षाला 240. जवळपास 1900 वर्षांपूर्वी नाशिकचे विणकर लोकांच्या ठेवी सांभाळण्याइतके पतदार होते, हे या लेखातून कळतं. पांडवलेण्यांची माहिती देताना याचा उल्लेख क्वचितच होतो, याचं मला नेहमी नवल वाटतं.

पहिली पानं कुठे भरावीत

आनंदाचाच रस्ता धरायचा तर पावसाळ्यात इगतपुरी किंवा त्र्यंबकच्या बाजूला जावं. उतारावरची भातखाचरं वरून पाहिली तर बांधांच्या वाकड्या रेषा आणि मधले हिरव्याचे चार-पाच प्रकार एवढंच उरतं. दिंडोरी-निफाडकडे गेलं की रेषा सरळ होतात. द्राक्षबागेच्या ओळी दूरवर जवळ-जवळ येत जातात, आणि ते चित्र ठिगळांपेक्षा टाक्यांनी जास्त चांगलं साधतं. साध्या कापडावर धावदोऱ्याच्या रांगा खाली विरळ, वर दाट घेतल्या की बाग उभी राहते.

दगडी कामात पांडवलेणीच पुन्हा उपयोगी. 3 आणि 10 क्रमांकांच्या लेण्यांच्या खांबांवर घंटेसारख्या आकारावर पायऱ्या-पायऱ्यांनी रुंदावत गेलेले थर आहेत. आडव्या पट्ट्या लहानमोठ्या कापून एकावर एक ठेवल्या की तो आकार कापडात जसाच्या तसा उतरतो. 18 क्रमांकाच्या चैत्याची कमान मात्र नवख्यांनी लगेच घेऊ नये. गोल काठ दुमडून शिवताना कापड चुण्या धरतं. सिन्नरच्या गोंदेश्वराचं शिखर भूमिज पद्धतीचं आहे. छोट्या शिखरांच्या उभ्या रांगा वर जाताना आकाराने लहान होत जातात. एकच नक्षी पुन्हा पुन्हा, पण घटत्या मापाने, हा धडा तिथे एका दुपारी शिकता येतो.

आणि संक्रांतीला येवला. तिथले पतंग म्हणजे रंगीत कागदाचे त्रिकोण-चौकोन जोडून केलेलं ठिगळकामच. रेखाटायला सोपे, आणि कापून जोडायलाही.

पत्रिकेतली खिडकी

समोर मंदिर असलं की सगळंच काढावंसं वाटतं. त्यावर साधा उपाय आहे. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदात दोन इंचांचा चौकोन कापून खिडकी करावी आणि डोळ्यांसमोर धरून फिरवत राहावं. संपूर्ण देऊळ बाहेर राहतं, एक कोपरा आत येतो. तेवढाच काढावा.

एकाच पानावर तोच कोपरा तीनदा काढा. पहिल्यांदा दिसतो तसा. दुसऱ्यांदा निम्म्या रेषांत. तिसऱ्यांदा फक्त सरळ रेषांत आणि पाच-सात आकारांत. तिसरं चित्र पहिल्याइतकं देखणं नसतं आणि पाहुण्यांना दाखवण्यासारखं तर मुळीच नाही. पण कापडावर जाणार असतं ते तेच. वही चाळताना अनेकजण पहिल्या चित्रावरच खूश होऊन थांबतात, आणि मग शिवायला बसल्यावर पेन्सिलची छटा कापडात कशी आणायची या कोड्यात अडकतात.

छटेऐवजी उजेड-अंधार पाहावा. रंग ठरवण्याआधी चित्र फक्त पांढरा, राखाडी आणि काळा या तिघांत भरून घ्यावं. लाल आणि हिरवं कापड हातात घेतलं तर वेगळं दिसतं, पण दोन्ही सारखीच गडद असतील तर लांबून नक्षी विरघळते. मोबाइलवर तुकड्यांचा कृष्णधवल फोटो काढला की हा घोळ शिवण्याआधीच उघडा पडतो.

येवल्याचा ग्राफ काय शिकवतो

वहीचा खरा वस्ताद येवल्यात आहे. पैठणीचा पदर आणि काठ विणताना प्रत्येक रंगाचा बाणा वेगळ्या तिल्लीवर असतो आणि एक रंग संपून दुसरा सुरू होतो तिथे दोन धागे एकमेकांत अडकवले जातात. म्हणूनच पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. मुरलेला विणकर नारळी काठ किंवा मुनिया डोळे मिटून विणेल, पण नवा मोर, नवी आसावली किंवा अजिंठ्याचं कमळ घ्यायचं असेल तर ते आधी चौकटींच्या कागदावर, म्हणजे ग्राफवर उतरतं. आता हे काम संगणकावरही होतं. 2010 साली पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामागे जे कसब म्हणून सांगितलं जातं, त्याचा मोठा भाग या उतरवण्यात आहे.

ग्राफवर वक्ररेषा नसते. मोराची मान काढायची तर ती पायऱ्यांनीच चढते, आणि कुठे एक चौकट पुढे जायचं, कुठे दोन, यावर मान डौलदार होणार की मोडकी, हे ठरतं. हे ज्याला कागदावर जमलं त्याला ठिगळांतही जमतं.

दुसरी खुबी प्रमाणाची. समजा मागावर इंचाला ताण्याचे 60 धागे आहेत आणि बाण्याचे 80 बसतात. एक चौकट म्हणजे एक ताणा, एक बाणा, असं धरून 60 बाय 60 चौकटींचा मोर काढला, तर कापडावर तो इंचभर रुंद आणि पाऊण इंचच उंच होईल. कागदावरचा ऐटबाज मोर मागावर बसकट दिसेल. म्हणून उंची 80 चौकटींची घ्यावी लागते. कागदावर मोर उगाच लांबुडका वाटतो, विणल्यावर नीट होतो. आपलं चित्र कुठल्या साहित्यात जाणार आहे हे माहीत असल्याशिवाय वहीत ते बरोबर की चूक, हे सांगताच येत नाही.

गोधडीवाल्यांनी हाच ग्राफ वेगळ्या मापाने वापरावा: एक चौकट म्हणजे एक इंच कापड. 24 बाय 24 चा मोर झाला 576 तुकड्यांचा! एवढे कोण शिवणार? म्हणून एकाच रंगाच्या सलग चौकटी पेन्सिलने जोडून पट्ट्या करायच्या. निळ्या बारा चौकटी ओळीने आल्या, तर ती बारा इंचांची एक पट्टी. असं जोडत गेलं की तुकडे कितीतरी कमी होतात आणि कुठे रंग उगाच तुटतो आहे तेही दिसतं. तिथे चित्रच बदलावं.

बर्लिनमध्ये जन्मलेल्या आनी आल्बर्स या विणकर कलावतीचं उदाहरण इथे आठवतं. जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेच्या विणकाम विभागात शिकलेल्या या बाईंनी 1970 साली, म्हणजे सत्तरी ओलांडल्यावर, ग्राफच्या कागदाची एक वही सुरू केली आणि ती 1980 पर्यंत चालवली. तोवर त्यांनी माग सोडून छपाईची चित्रं करायला घेतली होती, तरी विचार मात्र चौकटींतच चालला होता. पानापानावर त्रिकोण आणि चौकोन भरलेले, तेच आकार निरनिराळ्या क्रमाने फिरवून पाहिलेले.

कापडही वहीतच

रंगीत पेन्सिलने कापडाचा रंग सांगता येत नाही, पोत तर नाहीच. म्हणून पानावर खऱ्या कापडाचा तुकडा लावावा. फेविकॉल मलमलीतून वर येतो आणि कडक डाग सोडतो. तुकडा दोन टाक्यांनी कागदालाच शिवलेला बरा. त्यासाठी कागद जाड हवा, साध्या वहीचं पान सुईच्या भोकावर फाटतं. तुकडे लावत गेलं की वही फुगून शिवण उसवते. सुरुवातीलाच दर दोन-तीन पानांआड एक पान मुळाशी पाऊण इंच ठेवून कापून टाकलं, तर फुगायला जागा राहते.

टाक्यांचा नमुनाही इथेच करून पाहावा. एकाच कापडावर पाव इंचाच्या अंतराने धावदोरा, मग अर्ध्या इंचाने, मग इंचाने. जवळच्या ओळींनी कापड ताठ आणि सुरकुतलेलं होतं, लांबच्या ओळींनी मऊ राहतं. तान्ह्याच्या दुपट्याला आणि भिंतीवर टांगायच्या कामाला एकच अंतर चालणार नाही.

मापं आणि धुणं

चित्रात चौकोन दोन इंचांचा, म्हणून कापड दोन इंचांचं कापलं, की फसलंच. दोन्ही कडांना पाव-पाव इंच दुमड जाते आणि हाती दीड इंच उरतो. असे चार लावल्यावर आठऐवजी सहाच इंच भरतात आणि काठ जुळत नाही. वहीत प्रत्येक आकारात दोन आकडे लिहावेत: शिवल्यावरचं माप आणि कापायचं माप. कापायचं माप लाल शाईने लिहिलं तर कात्री हातात असताना चूक होत नाही.

शेवटची दोन-चार पानं धुण्यासाठी राखावीत. नव्या सुती कापडाचा प्रत्येक तुकडा पांढऱ्या कापडाला शिवून धुवायचा आणि वाळल्यावर वहीत लावायचा. गडद लाल, निळा आणि काळा यांच्यावर विशेष नजर ठेवावी. आईचं किंवा आजीचं जुनं लुगडं घ्यायचं असेल तर त्याचा रंग जायचा तेवढा गेलेला असतो आणि आटायचं तेवढं ते आटलेलं असतं. पण शेजारी नवं कापड आलं तर पहिल्या धुण्यात नवं आक्रसतं आणि जुन्याला ओढून घेतं. त्यामुळे नवं कापड कापण्याआधी एकदा भिजवून वाळवावं, आणि भिजवण्यापूर्वीचं व नंतरचं माप त्या तुकड्याखाली लिहून ठेवावं.