दातात भरायच्या मटेरियललाही एक्स्पायरी असते

दात भरून चार-सहा महिने होत नाहीत तोच जेवताना फिलिंग निघून हातात येतं, तेव्हा पहिला संशय सिमेंटवर जातो. ‘डॉक्टर, मटेरियल जुनं तर नव्हतं ना?’ असं विचारायला बरेच जण संकोचतात. संकोचू नका, प्रश्न रास्त आहे. उत्तर दर वेळी ‘हो’ असेलच असं मात्र नाही.

आधी एक गैरसमज दूर करू. पाकिटावरची तारीख न वापरलेल्या मटेरियलसाठी असते. ते दातात बसून कडक झालं की त्या तारखेचा संबंध संपला. फिलिंग २०२३ मध्ये केलं आणि पाकिटावर २०२४ची तारीख होती, म्हणून ते आता काढून नवं भरायची गरज नाही.

दाताच्या रंगाचं फिलिंग म्हणजे कॉम्पोझिट. त्यात रेझिन, काचेचे अतिसूक्ष्म कण आणि निळ्या प्रकाशाने काम सुरू करणारं रसायन असतं. डॉक्टर दातावर निळा लाइट धरतात तो याचसाठी. सिरिंजमध्ये ही क्रिया थोपवून धरलेली असते. पण काळ, उष्णता आणि उजेड यांनी ती आतल्या आत थोडी थोडी सुरू होते. मग मटेरियल ताठर होतं, पोकळीच्या कोपऱ्यांत नीट बसत नाही, कडेला फट राहते. लाइट दिल्यावरही ते पुरतं कडक होईल याची खात्री उरत नाही. त्या फटीतून जंतू आत शिरले की वरून शाबूत दिसणाऱ्या फिलिंगखाली दात पुन्हा किडू लागतो.

माझ्या मते याहून नाजूक वस्तू म्हणजे बाँडिंगची छोटी बाटली. कॉम्पोझिट स्वतःहून दाताला चिकटत नाही. त्याआधी या द्रवाचा पातळ थर लावावा लागतो. त्यात बहुधा अल्कोहोल किंवा ॲसिटोन असतं, म्हणजे झाकण सैल राहिलं की ते उडून जातं. काही प्रकारांत आम्ल आणि पाणी एकाच बाटलीत असतं आणि त्यातले घटक हळूहळू विघटित होतात. बाटली बाहेरून तशीच दिसते, पकड मात्र कमी झालेली असते. परिणाम तुम्हाला जाणवतो तो थंड पाण्याने दातात कळ येणं किंवा फिलिंग सुटणं असा.

ग्लास आयोनोमर सिमेंट पावडर आणि द्रव मिसळून करतात. पावसाळ्यात डबी उघडी राहिली तर पावडर ओलावा धरते आणि मिश्रण बिघडतं. चांदीचं फिलिंग सीलबंद कॅप्सूलमध्ये येतं, त्याची या बाबतीत चिंता कमी.

तारीखही साठवण नीट असेल तरच खरी. बऱ्याच मटेरियलवर २५ अंश सेल्सिअसच्या आसपासची कमाल मर्यादा छापलेली असते. विदर्भात मे महिन्यात बंद दवाखान्याची खोली किती तापते, हे तिथल्या लोकांना सांगायला नको. म्हणून अनेक डॉक्टर हे सामान फ्रिजमध्ये ठेवतात आणि वापरण्याआधी थोडा वेळ बाहेर काढतात, कारण गार कॉम्पोझिट घट्ट असतं.

तुम्हाला पाकीट बघायचं असेल तर सरळ मागा. वाळूच्या घड्याळाचं चिन्ह आणि त्याशेजारी आधी वर्ष, मग महिना, उदाहरणार्थ २०२७-०३, ही एक्स्पायरी. तारीख उलटलेलं मटेरियल ‘अजून चांगलं दिसतंय’ म्हणून वापरणं योग्य नाही.

तरीही फिलिंग पडण्यामागे इतर कारणं जास्त वेळा सापडतात: भरताना दात लाळेने ओला होणं, पोकळी फार मोठी असणं, झोपेत दात खाणं, कडेने नवी कीड लागणं. त्यामुळे डॉक्टरांना आधी दात तपासू द्या. तोवर त्या बाजूने चावू नका, कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या करा. निघालेला तुकडा घरातल्या गोंदाने चिकटवू नका. ठणका किंवा सूज असेल तर त्याच दिवशी दाखवा, नसेल तरी दोन-चार दिवसांपेक्षा जास्त थांबू नका.