पृथ्वी विमानाखालून सरकत नाही

टिटवाळ्याहून सुटलेल्या लोकलमध्ये गेल्या महिन्यात ते पुन्हा ऐकलं. लंडनला मुलाकडे राहून आलेले एक काका शेजारच्याला समजावत होते, ‘पृथ्वी पूर्वेकडे फिरते ना, मग आपण पश्चिमेला निघालो की लंडनच आपल्याकडे येतं. म्हणून जाताना लवकर पोचतो.’ शेजारच्यानं मान डोलावली. दहावीची मुलंही मला हेच सांगतात, तेही भूगोलात शिकल्याच्या खात्रीनं. याचा खरंच त्रास होतो.

असं असतं तर इंधन जाळायची गरजच नव्हती. आपल्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५७५ किलोमीटर वेगानं पूर्वेकडे जाते, म्हणजे मिनिटाला २६ किलोमीटर. टिटवाळ्याच्या महागणपती मंदिरावर हेलिकॉप्टर नुसतं तरंगत ठेवलं, तर दोन मिनिटांत ते वसई ओलांडून समुद्रावर गेलेलं दिसायला हवं. दिसत नाही, कारण जमिनीबरोबर हवाही फिरते आणि धावपट्टी सोडणाऱ्या विमानाच्या अंगात तो वेग आधीपासूनच असतो. आंबिवली-शहाडच्या मध्ये गाडी भरधाव असताना शेंगदाणा वर उडवून पाहा. तो तुमच्याच ओंजळीत पडतो, मागच्या बाकावर नाही.

शंका जुनी आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते असं आर्यभटानं ‘आर्यभटीया’त मांडलं, ते इ. स. ४९९ च्या सुमारास. त्यावर वराहमिहिरानं ‘पंचसिद्धांतिके’त विचारलं, की मग आकाशात गेलेले ससाणे घरट्याकडे परत कसे येतात? त्या काळी हा प्रश्न रास्तच होता. गॅलिलिओनं १६३२ च्या ग्रंथात चालत्या जहाजाच्या बंद खोलीत उडणाऱ्या फुलपाखरांचा दाखला देऊन त्याचं उत्तर दिलं. जवळपास चारशे वर्षं झाली त्याला!

काकांना फसवलं ते घड्याळानं. हिवाळ्यात मुंबईहून दुपारी दोनला निघून लंडनच्या साडेसहाला उतरलात, तर साडेचार तासच झाले असं वाटतं. पण तिथलं घड्याळ साडेपाच तास मागे असतं. प्रवास झाला दहा तासांचा. परतीला साधारण नऊच लागतात. म्हणजे पश्चिमेकडे जायला वेळ जास्त लागतो, समजुतीच्या नेमका उलट. न्यूयॉर्कला थेट जायला सुमारे सोळा तास, यायला चौदा. हा फरक वाऱ्यांचा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, हिवाळ्यात अनेकदा ताशी दीडशे किलोमीटरच्याही वर. येताना ते विमानाला पाठीमागून रेटतात, जाताना समोरून अडवतात. त्यांची दिशा ठरण्यात पृथ्वीच्या फिरण्याचा वाटा आहे खरा, पण तो एवढाच.

मुंबईहून नागपूर हवाई मार्गानं सुमारे ६८५ किलोमीटर, मग पाऊण तासाऐवजी दीड तास का, असंही विचारतात. वेळापत्रकातली वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची असते, आणि मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्यानं रांगेतही वेळ जातो.

तसंच, सपाट नकाशावर वाटतं तसं न्यूयॉर्कचं विमान उगाच उत्तरेकडून वळसा घेत नाही. गोलावर दोरा ताणून पाहा, जवळचा रस्ता तोच.

आणि रेल्वेच्या तिकिटावरच्या किलोमीटरांना सरळ अंतर समजू नका. सीएसएमटी ते टिटवाळा रुळांनी साधारण ६४ किलोमीटर आहे, पक्ष्याला ५५ पुरतात.