हरवलेला शब्द, उरलेली चाल

थोरले भाई पक्षाघातातून उठले, पण ‘पाणी’ हा शब्द काही त्यांना येईना. ‘बिस्मिल्लाह’ मात्र न अडखळता निघे. मग मुद्दामच बोलत नाहीत, असे घरच्यांना वाटे. खरे सांगायचे, तर मलाही.

हा वाचाघात. शब्द जुळवणारी जागा बहुतेकांच्या मेंदूत डाव्या कपाळामागे असते. पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी १८६१ साली, ‘टॅन’ एवढेच बोलू शकणाऱ्या रुग्णावरून तिचा माग काढला. तिथे इजा झाली, तरी समज बरीच शाबूत राहते. पाठ असलेली प्रार्थना, अंक, गाणे पुष्कळदा टिकते. हाच धागा धरून बोस्टनच्या तज्ज्ञांनी १९७३ मध्ये उपचार मांडला: वाक्य चालीत म्हणायचे, अक्षरागणिक डाव्या हाताने ठेका द्यायचा, मग हळूहळू चाल काढून घ्यायची. सगळ्यांनाच तो लागू पडत नाही.

सहा महिने उलटले की घरचे आशा सोडतात. पण जर्मनीतल्या २०१७ च्या चाचणीत तशा जुन्या रुग्णांनीही तीन आठवडे, आठवड्याला किमान दहा तास सराव केला आणि त्यांचे बोलणे सुधारले.

भाई मांडीवर ठेका धरत, ‘पा-णी-द्या’. शब्द पुरा होण्याआधीच आम्ही पेला पुढे करायचो. थेरपिस्ट बाईंनी मग पेलाच आमच्या हातातून काढून घेतला.